तिळाहून लहान दाताची साक्ष

एक तीळ तळहातावर घेऊन पाहा. हैदराबादच्या पश्चिमेला, विकाराबादच्या बाजूला नसकल नावाचे एक खेडे आहे. तिथल्या गाळाच्या थरातून निघालेले काही दात या तिळाहूनही लहान आहेत. त्यांची लांबी दोन मिलिमीटरसुद्धा नाही. घरात फरशीवर पडले असते तर केराबरोबर निघून गेले असते. पण हे दात सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. ते ज्याच्या तोंडात होते तो प्राणी डायनासोरांच्या काळात आपल्या दख्खनमध्ये राहत होता, आणि तो सस्तन प्राण्यांच्या कुळातला होता.

१९८८ साली गुंटुपल्ली प्रसाद आणि अशोक साहनी या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात या शोधाची माहिती दिली. डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडाला क्रिटेशस म्हणतात. त्या कालखंडातला भारतातला हा पहिला सस्तन प्राणी. त्याला नाव दिले डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी. डेक्कन म्हणजे आपले दख्खन आणि ग्रीक भाषेत लेस्टिस म्हणजे लुटारू. चिचुंद्रीएवढ्या जिवाला ‘दख्खनचा लुटारू’ असे भारदस्त नाव! नावातला ‘हिस्लोपी’ हा शब्द नागपूरशी जोडलेला आहे, त्याकडे आपण पुढे येऊच.

मी शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते, विज्ञान हा माझा विषय नाही. पण मुलांचे प्रश्न विषय पाहून येत नाहीत. ‘टीचर, डायनासोर मेल्यावर मग वाघ-हत्ती आले ना?’ हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. मोठ्या माणसांच्या मनातही हेच चित्र असते: आधी डायनासोर, ते संपले, मग सस्तन प्राणी. वाघ-हत्तींपुरते ते बरोबर आहे. सस्तन प्राण्यांच्या सगळ्या कुळाला मात्र ते लागू पडत नाही. सस्तनांचे सर्वांत जुने ठसे २० कोटी वर्षांहून मागे जातात, म्हणजे डायनासोर नुकतेच पाय रोवत होते त्या काळात. त्यानंतर सुमारे १४ कोटी वर्षे दोघे एकाच जमिनीवर राहिले. डायनासोर संपल्याला ६ कोटी ६० लाख वर्षे झाली. हिशेब केला तर सस्तन प्राण्यांचा दोन तृतीयांश इतिहास डायनासोरांच्या शेजारी गेलेला आहे.

मग हे आपल्याला लवकर का कळले नाही? कारण डायनासोरचे हाड शेताच्या बांधावरूनही दिसते, आणि हा दात दिसण्यासाठी आधी तो असेल असे मनात यावे लागते.

उर्दूच्या पुस्तकांत जीवाश्म इंधनाला ‘रिकाज़ी ईंधन’ म्हणतात. जीवाश्म म्हणजे रिकाज़. हा शब्द जकातीच्या मसाइलमध्ये आपल्या वाचकांनी वाचला असेल. रिकाज़ म्हणजे जमिनीत पुरलेला खजिना. या लेखात ज्या खजिन्याबद्दल सांगायचे आहे तो इतका बारीक आहे की तो हाती लागायला जवळजवळ दोनशे वर्षांची मेहनत लागली.

कौलांच्या खाणीतला जबडा

ही हकिकत इंग्लंडमध्ये सुरू होते. ऑक्सफर्डजवळ स्टोन्सफील्ड नावाचे गाव आहे. तिथे जमिनीखालून एक खास दगड काढत. हिवाळ्यात तो उघड्यावर ठेवला की दहिवर आणि बर्फाने त्याचे पातळ पापुद्रे सुटत, आणि त्या पापुद्र्यांनी घरांची छपरे शाकारत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या खाणींतून महाकाय सरपटणाऱ्या प्राण्याची हाडे निघू लागली. त्याच दगडात बोटाच्या पेराएवढे काही जबडेही मिळाले.

१८१८ मध्ये फ्रान्सचे नामांकित शास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए ऑक्सफर्डला आले. त्यांनी जबडा पाहिला आणि सांगितले, हा सस्तन प्राणी आहे, अमेरिकेतल्या ओपोसमसारखा. १८२४ मध्ये विल्यम बकलँड यांनी लंडनच्या भूविज्ञान संस्थेपुढे त्या महाकाय प्राण्याचे वर्णन केले आणि त्याला मेगालोसॉरस हे नाव दिले. शास्त्रीय नाव मिळालेला हा पहिला डायनासोर. त्याच निवेदनात त्यांनी त्या चिमुकल्या जबड्यांचाही उल्लेख केला. म्हणजे जगाला डायनासोरची ओळख झाली त्याच वेळी त्याच्या शेजारी राहणाऱ्या सस्तनाचीही झाली होती. ‘डायनासोर’ हा शब्दसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता, तो १८४२ चा.

पण लोकांनी मेगालोसॉरस डोक्यावर घेतला आणि जबड्यांवर वाद घातला. इतक्या जुन्या दगडात सस्तन कसा असेल? क्युव्हिए यांच्याच देशातले शास्त्रज्ञ आंरी द ब्लेनव्हिल १८३८ मध्ये म्हणत होते की हे जबडे सस्तनाचे नाहीत, सरपटणाऱ्या प्राण्याचे असावेत. त्याच सुमारास रिचर्ड ओवेन यांनी जबडे बारकाईने तपासून ते सस्तनाचेच असल्याचे दाखवले आणि हळूहळू वाद शमला. जबडा तोच होता, दगड तोच होता. त्याचे म्हणणे ऐकून घ्यायला माणसांना वीस वर्षे लागली.

दात काय सांगतो?

एका दातावरून कुळ कसे ओळखतात, हा प्रश्न रास्त आहे. आरशासमोर तोंड उघडून पाहा. पुढे चावा घ्यायचे पटाशीचे दात, बाजूला सुळे, मागे उपदाढा आणि दाढा. प्रत्येकाचा आकार वेगळा, काम वेगळे. मगरीच्या तोंडात मात्र पुढून मागेपर्यंत साधारण एकाच घडणीचे दात असतात. शिवाय मगरीचे दात आयुष्यभर पडतात आणि पुन्हा उगवतात. आपल्याला दुधाचे आणि कायमचे असे दोनच संच मिळतात. सस्तनांच्या दाढेवर उंचवटे आणि खळगे असतात, आणि वरच्या दाढेचा उंचवटा खालच्या दाढेच्या खळग्यात अगदी नेमका बसतो, पाटा आणि वरवंट्यासारखा. दाढेला एकापेक्षा जास्त मुळे असतात. जाणकाराला एका दाढेवरून प्राणी कीटक खात होता की पाला, हेही सांगता येते.

दुसरी खूण जबड्याची. सरपटणाऱ्या प्राण्यांचा खालचा जबडा अनेक हाडांचा मिळून झालेला असतो. सस्तनांचा खालचा जबडा प्रत्येक बाजूला एकाच हाडाचा असतो. मग ती बाकीची हाडे गेली कुठे? त्यांतली काही आपल्या कानात आहेत. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही मधल्या कानातली तीन हाडे आपण शाळेत पाठ करतो. त्यांतली हातोडी आणि ऐरण ज्या हाडांशी जुळतात, ती सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये जबड्याच्या सांध्यात असतात. जुन्या सस्तनांच्या जीवाश्मांत हा बदल अर्ध्या वाटेवर असलेला दिसतो. इंग्लंडशेजारच्या वेल्समधल्या मॉर्गन्युकोडॉन या २० कोटी वर्षांपूर्वीच्या उंदराएवढ्या प्राण्याला जबड्याचे जुने आणि नवे असे दोन्ही सांधे एकाच वेळी होते.

तिसरे कारण टिकाऊपणाचे. दातावरचे इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. उंदराएवढ्या प्राण्याची नाजूक हाडे पाण्याने, मुळ्यांनी, मुंग्यांनी केव्हाच नाहीशी होतात. मागे उरतो तो दात. म्हणूनच या सगळ्या इतिहासाची साक्ष बहुतेक ठिकाणी दातांवरच उभी आहे.

गोबीच्या वाळवंटातले डबे

पूर्ण कवटी मिळणे ही मोठी गोष्ट होती, आणि ती घडली मंगोलियात. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या संग्रहालयाची मोहीम गोबीच्या वाळवंटात गेली. १९२३ मध्ये त्यांना डायनासोरांची अंडी सापडली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत त्याचीच चर्चा झाली. त्याच मोसमात एक छोटी कवटीही मिळाली होती. ‘ओळख न पटलेला सरपटणारा प्राणी’ अशी तिच्यावर नोंद करून ती न्यूयॉर्कला गेली. तिथे दगड कोरून ती स्वच्छ केल्यावर कळले की हा सस्तन प्राणी आहे. मग मोहिमेला निरोप गेला की अशा आणखी शोधा. १९२५ मध्ये वॉल्टर ग्रेंजर आणि त्यांच्या साथीदारांनी त्याच लाल कड्यांच्या पायथ्याशी, उन्हात वाकून, एकेक गोटी फोडत शोध घेतला आणि आणखी कवट्या मिळवल्या. दोन वर्षांपूर्वी याच कड्यांवर माणसांचा तांडा फिरला होता. तेव्हा नजर अंड्यांवर होती.

चार दशकांनंतर तिथे एक पोलिश बाई गेल्या. झोफिया किएलान-यावोरोव्स्का, जन्म १९२५. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी वॉर्साचे विद्यापीठ बंद केले तेव्हा त्या लपूनछपून चालणाऱ्या वर्गांत शिकल्या. १९४४ च्या उठावात त्यांनी जखमींची शुश्रूषा केली. पुढे त्यांनी १९६३ ते १९७१ या काळातल्या पोलंड-मंगोलिया मोहिमांचे नेतृत्व केले. या मोहिमांतून डायनासोर तर मिळालेच, पण क्रिटेशस काळातल्या सस्तनांच्या कवट्या आणि सांगाडे यांचा असा संग्रह उभा राहिला की या विषयाचा अभ्यास त्याशिवाय करता येत नाही. २०१५ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर त्यांचे निधन झाले. युद्धाने तालीम बंद पाडली तरी इल्मची आस बंद पडत नाही, हे मुलींना सांगताना मी या बाईंचे उदाहरण देते.

वेल्सपासून सिरोंच्यापर्यंत

मघाशी ज्या मॉर्गन्युकोडॉनचा उल्लेख केला, त्याला १९४९ मध्ये नाव देणारे वॉल्टर क्यूने हे जर्मन होते. हिटलरच्या राजवटीला कंटाळून ते इंग्लंडला आले आणि युद्ध सुरू झाल्यावर तिथेही ‘शत्रू देशाचा माणूस’ म्हणून छावणीत ठेवले गेले. चुनखडकाच्या जुन्या भेगांत साठलेली माती तपासायची, हे त्यांचे खास तंत्र. तशाच भेगांचा अभ्यास करणाऱ्या पामेला रॉबिन्सन या इंग्रज संशोधिकेने आपल्या एका शोधाला क्यूने यांचे नाव दिले.

या पामेला रॉबिन्सन यांचा धागा थेट आपल्याकडे येतो. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५७ च्या सुमारास त्यांना कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बोलावले. संस्थेत भूविज्ञानाचा विभाग सुरू झाला आणि त्याची माणसे प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात उतरली. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. तिथून जवळच कोटा नावाचे गाव आहे. त्याच्या नावावरून या जुरासिक काळातल्या खडकांना ‘कोटा’ थर म्हणतात. या थरात माशांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच मिळाले होते. आता तिथून लांब मानेचा प्रचंड डायनासोर निघाला. ‘बडा पा’ म्हणजे मोठा पाय, म्हणून त्याचे नाव बारापासॉरस, आणि रवींद्रनाथ टागोरांच्या स्मरणार्थ पुढे ‘टागोरी’.

त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी, १९८१ मध्ये, पी. एम. दत्ता यांनी याच कोटा थरातल्या एका दाढेचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतातला जुरासिक काळातला हा पहिला सस्तन. नाव कोटाथेरियम हाल्डानी. यातले हाल्डेन म्हणजे १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आलेले आणि इथलेच होऊन राहिलेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. बारापासॉरसच्या मांडीचे हाड माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढे. कोटाथेरियमची दाढ हरवली तर शोधायला भिंग लागेल. दोघेही एकाच खोऱ्यातल्या एकाच थरातले.

दोन लाव्हांच्या मधली माती

आता पुन्हा नसकलकडे येऊ. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे तो लाव्हा थिजून झालेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. सह्याद्रीचे पायऱ्यांसारखे दिसणारे कडे हे त्याचेच. आजही हा पाषाण सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. पण लाव्हा सतत वाहत नव्हता. एक लोट येऊन थंडावला की मध्ये बराच काळ शांतता असे. खोलगट जागी पाणी साचे, तळी होत, झाडे उगवत, बेडूक, मासे, गोगलगाई येत. मग पुढचा लोट येऊन ते सगळे झाकून टाकी. अशा दोन लोटांच्या मध्ये सापडलेला गाळाचा थर म्हणजे बिर्याणीतल्या दोन थरांमध्ये मसाला असावा तसा. नसकलचे दात अशाच थरात मिळाले.

या थरांकडे पहिल्यांदा बारकाईने पाहणाऱ्यांत नागपूरचे स्टीफन हिस्लॉप होते. स्कॉटलंडहून आलेले हे मिशनरी १८४० च्या दशकात नागपूरला स्थायिक झाले. फावल्या वेळात टाकळी आणि आसपासच्या भागातून त्यांनी वनस्पती, शिंपले, कीटक यांचे जीवाश्म गोळा केले आणि १८५५ मध्ये रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूर परिसराच्या भूरचनेवर लिहिले. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. त्यांना या थरांत सस्तन मिळाला नाही. पण सव्वाशे वर्षांनी तो मिळाला तेव्हा संशोधकांनी त्याला त्यांचेच नाव दिले.

तो मिळाला कसा? चाळून. हे काम तांदूळ निवडणाऱ्या आपल्या अम्मी-दादीला समजावून सांगावे लागणार नाही. थरातली माती पोत्यांनी भरून आणायची. उन्हात खडखडीत वाळवायची. मग पाण्यात भिजत घालायची, म्हणजे ढेकळे विरघळतात. एकाखाली एक बारीक होत जाणाऱ्या चाळण्यांतून ती धुऊन घ्यायची. चिखल वाहून जातो, खर मागे राहते. ती पुन्हा वाळवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली चिमूटचिमूट पसरून ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कण बाजूला करायचा. वाळूचा कण, माशाचा खवला, बेडकाच्या हाडाचा तुकडा, पुन्हा वाळूचा कण. असे दिवसच्या दिवस चालते. शेकडो किलो मातीतून मूठभर दात निघाले तरी मोसम सार्थकी लागला म्हणायचे. आपण ज्याला सब्र म्हणतो त्याचे याहून चांगले उदाहरण मुलांना दाखवता येणार नाही.

नसकलच्या मातीतून नंतर घोट्याची हाडेही मिळाली. त्यांच्या घडणीवरून डेक्कनोलेस्टिस झाडावर चढण्यात तरबेज असावा, असे अभ्यासकांनी सुचवले. तिथेच भारतथेरियम नावाचा आणखी एक सस्तन मिळाला. त्याच्या कुळातले प्राणी दक्षिण अमेरिकेत आणि मादागास्करमध्येही सापडले आहेत. आज या तीन भूभागांमध्ये महासागर आहेत. एके काळी ते एकमेकांना जोडलेले होते, याची साक्ष हे दात देतात. त्याचे उंच, झिजेला पुरणारे दात काय खाण्यासाठी होते? याचे एक संभाव्य उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्यात आहे. तिथे दगड झालेली प्राण्यांची विष्ठा मिळते. हिस्लॉप यांनाही ती माहीत होती. २००५ मध्ये त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण सापडल्याचे जाहीर झाले. तोपर्यंत गवत डायनासोरांनंतर आले असे मानत. म्हणजे दख्खनमध्ये त्या काळी गवत होते आणि ते खाऊ शकणारे दातही होते.

सगळेच भित्रे नव्हते

छोट्या सस्तनांचे जुने चित्र असे: दिवसभर बिळात लपायचे, रात्री डायनासोर झोपले की भीतभीत बाहेर यायचे. गेल्या काही वर्षांत चीनमधल्या शोधांनी या चित्रात भर घातली. युनान प्रांतातल्या हॅड्रोकोडियमची (२००१) कवटी केवळ १२ मिलिमीटरची, आणि वजनाचा अंदाज दोन ग्रॅम. म्हणजे बारीक जीव होतेच. पण २००६ मध्ये जाहीर झालेल्या कॅस्टोरोकाउडाला बीव्हरसारखी चपटी शेपूट होती. तो सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी पाण्यात पोहत होता आणि त्याच्या अंगावरच्या केसांचे ठसेही दगडात उमटले आहेत. त्याच वर्षी हवेत तरंगत झेपावणारा एक सस्तनही जाहीर झाला. आणि साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचा रेपेनोमॅमस? त्याच्या मोठ्या जातीची लांबी एक मीटरहून अधिक होती. २००५ मध्ये एका रेपेनोमॅमसच्या पोटाच्या जागी डायनासोरच्या पिल्लाची हाडे मिळाली. या वेळी शिकार डायनासोरची झाली होती.

दात खोटे बोलत नाही, पण माणूस चुकू शकतो

इथपर्यंत वाचून एखादा पालक म्हणेल, एका दातावर एवढा मोठा दावा? शंका योग्य आहे, आणि ती या विषयातले लोक स्वतःही घेतात. मध्य प्रदेशातल्या टिकी थरातून मिळालेल्या एका दाढेचे वर्णन २००५ मध्ये झाले. टिकीथेरियम नाव दिले गेले. वय २० कोटी वर्षांहून अधिक, म्हणून जगातल्या सर्वांत जुन्या सस्तनांच्या यादीत त्याचा समावेश झाला. पुस्तकांतही ते नाव गेले. पण २०२४ मध्ये दोन रशियन अभ्यासकांनी तीच दाढ पुन्हा तपासली आणि सांगितले की ही दाढ फार अलीकडच्या काळातल्या चिचुंद्रीची आहे. वरच्या, नव्या थरातला दात जुन्या थराच्या मातीत मिसळला असावा.

मुलांना ही गोष्ट सांगितली की पहिली प्रतिक्रिया येते, ‘म्हणजे शास्त्रज्ञ खोटे बोलले?’ नाही. दात खरा होता, तो जपून ठेवला होता, त्याची मापे आणि चित्रे सर्वांना पाहायला खुली होती. म्हणून तर एकोणीस वर्षांनी दुसऱ्या कोणाला चूक दाखवता आली. साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते तीच साक्ष कामाची. नसकलच्या आणि कोटाच्या दातांवर विश्वास ठेवायचा तो याच कारणाने. तिथे एकच दात नाही, अनेक आहेत, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वर्षी मिळवलेले आहेत, आणि कोणीही जाऊन ते पुन्हा तपासू शकतो.

आता दुसऱ्या बाजूचे उदाहरण पाहा. वाळवंटात खोदकाम चालले आहे, खड्ड्यात माणसाचा अवाढव्य सांगाडा पडला आहे आणि त्याच्या कवटीजवळ उभा कामगार मुंगीसारखा दिसतो आहे. हा फोटो आपल्यापैकी अनेकांच्या मोबाईलवर कधी ना कधी आला असेल. खाली लिहिलेले असते की सौदी अरेबियात कौमे आदच्या माणसाचा सांगाडा मिळाला, पुढे पाठवा. हा फोटो २००२ मध्ये संगणकावर चित्रे जुळवण्याच्या एका स्पर्धेसाठी बनवलेला आहे. खाली वापरलेले मूळ छायाचित्र अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातले, हत्तीसारख्या मॅस्टोडॉन या प्राण्याच्या २००० मधल्या खोदकामाचे. नॅशनल जिओग्राफिकने २००७ मध्येच याचा खुलासा केला. तरी फोटो फिरतोच आहे.

यात खरे नुकसान कोणाचे? आपल्या मुलांचे. खबर आली की तिची शहानिशा करावी, ही आपल्याला घरातूनच मिळालेली शिकवण आहे. आदच्या किश्श्यातून इबरत घेणाऱ्याला बनावट फोटोची गरज नाही. उलट तो फोटो खोटा निघाला की मूल विचारते, ‘मग बाकीचेही असेच का?’ आणि आपल्याकडे उत्तर नसते. मोठ्या खोट्याला पुढे पाठवायला एक बोट पुरते. छोटे खरे शोधायला पोतेभर माती धुवावी लागते. मुलांना या दोन्हींमधला फरक कळला, तर ते मोठे होऊन कुठल्याही क्षेत्रात गेले तरी चटकन फसणार नाहीत.

म्हणून जुन्या हाडाची, सांगाड्याची कोणतीही बातमी आली की घरात चार प्रश्न विचारायची सवय लावा. नेमके कुठे सापडले? कोणत्या थरात? आज ती वस्तू कुठे ठेवली आहे? आणि शोधणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी ती तपासली आहे का? चारही उत्तरे मिळाली तर पुढे वाचा. एकही मिळाले नाही तर फोन खाली ठेवा.

सुट्टीत हैदराबादला गेलात तर चारमिनार आणि गोवळकोंड्याबरोबर बिर्ला विज्ञान केंद्रातही जा. तिथे कोटासॉरस या डायनासोरचा सांगाडा उभा आहे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या कोटा थरातून काढलेला. मुले मान वर करून पाहतील, फोटो काढतील. ते झाले की त्यांना सांगा, ज्या थरातून हा निघाला त्याच थरातून तिळाएवढी दाढही निघाली आहे. मग त्यांनाच विचारा: हा सांगाडा शोधणे अवघड असेल, की ती दाढ?